कोणी न दिलेला सामना

सफरचंदाची बाग असलेल्या म्हाताऱ्याने सणाच्या दिवशी मुलगी-जावयाला जेवायला बोलवावं, जेवणं आटोपल्यावर घोंगडी पसरून फुलांची चित्रं असलेले पत्ते मांडावेत आणि जावयाने सलग तीन डाव जिंकावेत, यात बिघडण्यासारखं काय आहे? सासरे खुशीत होते. सासूबाई नाशपातीच्या फोडी करून सगळ्यांपुढे सरकवत होत्या. चौथा डाव वाटायची वेळ आली तेव्हा जावयाने हातातले पत्ते घोंगडीवर पालथे ठेवले.

"बाबा, चंद्राचं पान तुमच्याकडे होतं. तुम्ही टाकलं का नाही?"

"अरे, दिसलं नाही. चष्मा नव्हता लावला."

"चष्मा तुमच्या डोक्यावर आहे."

म्हाताऱ्याने डोकं चाचपलं आणि तो ओशाळून हसला. स्वयंपाकघरातून हेरानचा, म्हणजे त्याच्या मुलीचा आवाज आला, "सोईचे बाबा, सणाच्या दिवशी तरी चौकशी समिती बसवू नका! बाबा हरले तर हरू देत की त्यांना."

पण जावई काही ऐकेना. त्याने टाकलेले सगळे पत्ते उलटून लावले, कोणत्या वेळी सासऱ्यांच्या हातात काय होतं ते सांगितलं आणि तिन्ही डाव मोडीत काढले. म्हातारा शेवटी वैतागून अंगणात सिगारेट ओढायला गेला. दर सणाला हेच व्हायचं, आणि दर सणाला म्हातारा पत्ते मांडायचाच, कारण जावयाला जिंकू देणं ही त्याची माया होती आणि ती दुसऱ्या कुठल्या रीतीने दाखवायची हे त्याला येत नव्हतं.

हा जावई म्हणजे प्यो जेउक. आमच्या दालगोकच्या नगरपालिकेच्या टेनिस संघातला सर्वांत जुना खेळाडू. आमच्याकडे लहानसहान गावांनाही असे संघ असतात. खेळाडूला पगार नगरपालिका देते, आणि तो छातीवर गावाचं चिन्ह लावून देशभर खेळत फिरतो. आमच्या गावाचं चिन्ह लसणाचा हसरा गड्डा आहे. त्यावरून इतर गावांचे खेळाडू दालगोकच्या पोरांना काय काय म्हणतात ते इथे न लिहिलेलं बरं.

जेउक वाईट माणूस नव्हता. कष्टाळू होता, घरी पैसे द्यायचा, दारू बेताची. एकच खोड होती. हरला की तो शांत असायचा, आंघोळ करून भरपेट जेवायचा. जिंकला की त्याच्या मनात पाल चुकचुकायला लागायची. समोरच्याने तो चेंडू मुद्दाम सोडला की त्याला तो गाठताच आला नाही? पंच आपल्या बाजूचे होते का? हेरान म्हणायची की या माणसाला आमटीत मीठ बरोबर पडलं तरी वाटतं कोणीतरी आत काहीतरी मिसळलंय.

याचं मूळ शोधायचं तर त्याच्या शाळेपर्यंत जावं लागतं. शाळेचं नाव सांगत नाही. नाव सांगायची गरजही नाही, कारण ही रीत एका शाळेची नव्हती.

शेवटच्या वर्षाच्या मुलाला खेळाच्या जोरावर विद्यापीठात जागा हवी असेल, तर एखाद्या मोठ्या स्पर्धेत पहिल्या चारांत यावं लागायचं. आता समजा त्या मुलासमोर आपल्याच शाळेचा, खालच्या वर्गातला मुलगा आला, तर? मग काय करायचं हे लहानाला कळायचं. कुणी सांगत नसे, आणि सांगितलं तरी 'सांगितलं' असं कुणी म्हणत नसे. त्याचं वर्ष अजून यायचं असतं. त्याच्या वर्षी त्यालाही कुणीतरी सामना देईल. ताटावर बसल्यावर आधी मोठ्यांनी चमचा उचलायचा आणि मग लहानांनी, तसंच हे. सगळ्यांना ठाऊक, आणि विचारलं तर कुणालाच ठाऊक नाही.

जेउकच्या शेवटच्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीत त्याच्यासमोर यॉम सोकजू आला. एका वर्षाने लहान, डावखुरा, आणि खरं बोलायचं तर जेउकपेक्षा दुप्पट चांगला. सोकजूचा चेंडू जमिनीवर पडून असा वळायचा की समोरचा रॅकेट घेऊन दुसऱ्याच दिशेला जायचा. त्या दिवशी मात्र जेउकने त्याला तिसऱ्या सेटमध्ये पाच-पाचपर्यंत खेचलं. आणि मग सोकजूने एकाच गेममध्ये लागोपाठ दोन डबल फॉल्ट केले. सर्व्हिस करताना झोपेतही न चुकणारा पोरगा! जेउक सामना जिंकला, रॅकेट वर फेकली, जमिनीवर बसून ढसाढसा रडला. विद्यापीठ मिळालं.

त्याचे वडील त्याला घ्यायला आले होते. ते शहरबसचे चालक. आदल्या संध्याकाळी जादा पाळी आहे म्हणून ते घरी नव्हते. त्यांनी पोराला मिठीत घेतलं आणि पोराच्या नाकात त्यांच्या जाकिटाचा वास गेला. बस चालवणाऱ्याच्या कपड्यांना डिझेलचा वास येतो. कोळशावर भाजलेल्या बरगड्यांचा येत नाही. आणि शाळेचे कोच बरगड्या खाऊ घातल्याशिवाय कुणाशी नीट बोलत नसत, ही गोष्ट सगळ्या पालकांच्या तोंडी होती.

रात्री जेवताना त्याने विचारलं, "बाबा, काल कुठे होता?"

"कुठे म्हणजे? ड्युटीवर."

"नक्की?"

"सूप गार होतंय. खा मुकाट्याने."

यापलीकडे त्याला वडिलांकडून कधीच काही मिळालं नाही. पुढे त्यांचं यकृत खराब झालं. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत जेउकने पुन्हा विषय काढला, तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ते गेले आणि ती गोष्ट त्यांच्याबरोबर गेली.

राहिला सोकजू. त्याचं मनगट चोविसाव्या वर्षी कामातून गेलं, टेनिस सुटलं, आणि त्याने देगूमध्ये तळलेल्या कोंबडीचं दुकान टाकलं. जेउक वर्षातून एकदा तरी तिथे जाऊन बसायचा. सोकजू त्याला बघून खरोखर खूश व्हायचा. अर्धी कोंबडी तिखट, अर्धी साधी, वर बिअर, सगळं दुकानातर्फे.

"सोकजू, त्या दिवशी..."

"मुळा घ्या दादा आणखी. आज लोणच्याचा मुळा मस्त जमलाय."

"मुळा मरू दे. पाच-पाच असताना ते दोन डबल फॉल्ट..."

"अहो दादा, वारा होता त्या दिवशी."

घरी येऊन जेउकने आईला विचारलं, की माझ्या शाळेतल्या त्या सामन्याच्या दिवशी वारा होता का गं? वाळत घातलेले कपडे उडाले होते का? आई म्हणाली, "अरे, मला काल काय जेवले ते आठवत नाही." पुढच्या वर्षी तो परत देगूला गेला. सोकजू पुन्हा हसला, पुन्हा मुळा वाढला. हसणं म्हणजे हो की नाही, यावर जेउकने आयुष्यातली किती वर्षं घालवली, त्याचा हिशेब हेरानला विचारावा.

विद्यापीठ संपल्यावर काही वर्षं तो परदेशी स्पर्धांमागे फिरला. त्या स्पर्धा दूरदर्शनवर दिसतात तसल्या नव्हेत. त्यांच्याही खालच्या, जिथे खेळाडूच एकमेकांचे चेंडू गोळा करतात आणि प्रेक्षकांत दोन कुत्री असतात. पिशवीत भात शिजवायचा छोटा कुकर, आईने दिलेली मिरचीची चटणी, आणि चटणी फुटली तर कपडे लाल. थायलंड झालं, उझबेकिस्तान झालं. जागतिक क्रमवारीत तो एकदा चारशेच्या आसपास पोचला, आणि गावाने रस्त्यावर आडवा कापडी फलक लावला.

त्यातच एका हॉटेलात एक गोड बोलणारा माणूस त्याच्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, सामना जिंका हवं तर, फक्त पहिला सेट जरा सैल सोडा. जेउक उठून निघून गेला. हे त्याने केलं हे चांगलंच केलं. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, तसं त्याचं झालं. तो माणूस आपल्याकडे आला, म्हणजे दुसऱ्यांकडेही जात असणार! मग तिथून पुढे त्याने जिंकलेला प्रत्येक सेट त्याला डागाळलेला दिसायला लागला. एकदा एका उंच गोऱ्या पोराला त्याने सरळ दोन सेटमध्ये हरवलं, तर सामन्यानंतर हा त्या पोराच्या मागे मागे संडासापर्यंत गेला. बिचाऱ्याचं पोट खरोखरच बिघडलं होतं. तेव्हा जेउकला समाधान वाटण्याऐवजी वाटलं, म्हणजे हाही विजय आपला नव्हे, शिळ्या माशाचा.

याच काळात त्याने एक शास्त्र तयार केलं. मनापासून खेळणारा माणूस चुकला की रॅकेटच्या तारांकडे बघतो, जणू काही दोष त्यांचाच. मुद्दाम चुकणारा तारांकडे बघत नाही. तो ज्याच्या सांगण्यावरून चुकला त्याच्याकडे बघतो. हे शास्त्र तो संघातल्या पोरांना शिकवायचा. पोरं तोंडावर 'हो दादा' म्हणायची आणि पाठीमागे त्याला 'फौजदार' म्हणायची.

घरातही तेच. सोई सहा वर्षांची असताना नदीकाठच्या बागेत आईबरोबर बॅडमिंटन खेळत होती. पोरीने जिंकून उड्या मारल्या. बाप बाकावरून म्हणाला, "आईने शेवटची तीन फुलं मुद्दाम सोडली." पोरगी रडायला लागली. हेरानने रॅकेट गवतावर टाकली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तिला वाटलं ती जिंकली. त्यात तुमचं काय गेलं हो?"

"तिला खरं कळायला नको?"

"सहा वर्षांची आहे ती! कसलं डोंबलाचं खरं?"

जेउकने पोरीला जवळ ओढलं. मग पोरीचं नाक पुसत खालच्या आवाजात म्हणाला, "मला एकदाच असं जिंकायचंय हेरान, की समोरच्याला हरायचं नव्हतं. एकदाच. मग मी कुणाला काही म्हणणार नाही." हेरानला त्याची कीव आली आणि रागही आला. तिने त्याच्या पाठीवर एक चापट मारली आणि सगळ्यांना नूडल्स खायला घेऊन गेली.

गेल्या वर्षी जेउक पस्तिशीला आला आणि त्याच्या गुडघ्याने संप पुकारला. संघाचे कोच मुन यांनी त्याला जेवायला नेऊन सांगितलं की शरद ऋतूतली स्पर्धा आपल्याच गावात आहे, तीच तुझी शेवटची. नंतर गावातल्या बायकांच्या टेनिस मंडळाला शिकव, नगरपालिकेने मान्य केलंय. जेउक हो म्हणाला. गावभर फलक लागले. म्हणजे आता त्याच्याजवळ ती एकच स्पर्धा उरली होती, आणि जे त्याला हवं होतं ते तिथे मिळालं नाही तर कुठेच मिळणार नव्हतं.

पहिले दोन सामने तो जिंकला. एक प्रतिस्पर्धी नवखा होता, दुसऱ्याचा खांदा दुखत होता, त्यामुळे हे दोन्ही त्याने जमेस धरलेच नाहीत. उपांत्यपूर्व फेरीत त्याच्यासमोर आला बांग हानबिन. त्याच्याच संघातला, स्पर्धेच्या काळात वसतिगृहात त्याच्याच खोलीत राहणारा. एकवीस वर्षांचा, लांब हातांचा, अबोल. जेउकचे बूट दारात सरळ करून ठेवणारा, त्याचं पाणी दोन्ही हातांनी ओतणारा.

हानबिनला हा सामना हवा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे प्रत्येक पोराला सैन्यात जावंच लागतं. खेळाडू असेल आणि नशीब चांगलं असेल, तर सैन्याच्या क्रीडा संघात जागा मिळते आणि हातात रॅकेट राहते. नाही तर बंदूक येते, आणि परत येईपर्यंत हात विसरतो. त्याचा अर्ज गेलेला होता. पहिल्या चारांत आला तर काम होण्यासारखं होतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी जेउक न्याहारीला गेला, तर सुक्या माशाच्या सुपाच्या पातेल्याजवळ कोच मुन हानबिनच्या मानेवर हात ठेवून उभे होते. हळू आवाजात काहीतरी समजावत होते. हानबिनने मान खाली घातली आणि दोनदा हलवली. तेवढ्यात कोचना जेउक दिसला. हात पटकन खाली आला.

"अरे, ये ये जेउक! सूप घे, गरम आहे. आज तुझा दिवस!"

झालं. जेउकने सुपाचा वाडगा भरला आणि तसाच ठेवून दिला. कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्याला एवढ्यावरून कळलं. 'आज तुझा दिवस' म्हणजे काय? आता आमच्याकडे मोठ्यांपुढे लहानाने मान हलवली म्हणजे त्याला ऐकू आलं, इतकाच त्याचा अर्थ. हे जेउकला माहीत नव्हतं असं नाही. त्याने स्वतः उभा जन्म अशीच मान हलवली होती आणि कोचची पाठ वळताच स्वतःचंच केलं होतं. पण संशय मानगुटीवर बसला की पहिलं विसरायला होतं ते आपलं स्वतःचं शहाणपण.

कोर्टवर जाताना त्याने पोराला हटकलं. सरळ विचारायची आमच्यात पद्धत नाही. विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

"काय रे, पाय कसे आहेत आज?"

"चांगले आहेत, दादा."

"मग नीट हलव."

"हो, दादा."

कोर्टला माणसं मावत नव्हती. उपनगराध्यक्ष आले होते. बायकांचं टेनिस मंडळ चकचकीत कागदातले पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसलं होतं. सासऱ्यांनी सफरचंदांची पेटी आणून दिसेल त्याच्या हातात एकेक कोंबलं होतं. हेरान सोईला घेऊन वरच्या पायरीवर बसली होती.

आणि जेउक खेळला. काय खेळला! मी त्याला वीस वर्षं बघतोय, असा कधी खेळलेला पाहिला नव्हता. गुडघा जणू दुसऱ्या कुणाचा होता. सर्व्हिस रेषेवर पडत होती, उलट्या हाताचा फटका कोपऱ्यात जात होता. पहिला सेट सहा-तीन. हानबिन घामाने निथळत होता, धावत होता, पोचत होता, आणि पोचल्यावर चेंडू नेटमध्ये मारत होता. दुसऱ्या सेटला जेउक तीन-एक पुढे गेला तेव्हा त्याला क्षणभर वाटलं, हे मी करतोय. हे मी स्वतः करतोय.

पुढच्याच गेमला हानबिनने डबल फॉल्ट केला. जेउकने त्याच्याकडे पाहिलं. हानबिनने रॅकेटच्या तारांकडे पाहिलं नाही. त्याने कोच मुन यांच्याकडे पाहिलं.

चार-एक. पुढच्या चुकीला जेउक चेंडूकडे न बघता पोराच्या डोळ्यांकडेच बघत राहिला. पुन्हा कोचकडे! चार-दोन, पाच-दोन. लोक टाळ्या वाजवत होते आणि जेउकला त्या टाळ्या चटके दिल्यासारख्या लागत होत्या. म्हणजे सगळ्या गावाने ठरवलंय. फुलं आधीच आणलीत. फलकावर निरोप आधीच छापलाय. सासऱ्यांच्या पत्त्यांसारखंच हे, फक्त घोंगडी मोठी. या एका दिवसासाठी मी गुडघ्यात सुया घेतल्या, आणि या लोकांनी माझा हाही दिवस मला शिजवून वाढला.

चाळीस-तीस. सर्व्हिस त्याची. एक गुण, आणि सामना खलास. त्याने चेंडू जमिनीवर टप टप आपटला. समोर हानबिन वाकून उभा होता, त्याचे ओठ थरथरत होते. हसू दाबतोय, असं जेउकला वाटलं.

त्याने चेंडू खिशात घातला, नेटपाशी गेला आणि पंचाला म्हणाला, "मी सोडतोय."

"काय?"

"सामना सोडतोय. कंबर गेली."

पंच खुर्चीवरून अर्धा उठला. मग उपनगराध्यक्षांनी टाळी वाजवली, आणि मग सगळं गाव उठून उभं राहिलं. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "पोराला सैन्यात जागा मिळावी म्हणून दिला हो! हातातोंडाशी आलेला घास दिला!" हानबिन जागचा हलला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. वरच्या पायरीवर हेरानने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. नवऱ्याच्या कंबरेला काही झालेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कपडे बदलायच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळातच कोच मुन यांनी जेउकला गाठलं आणि मिठी मारली. या माणसाचे डोळे ओले झालेले कुणी पाहिले नव्हते.

"जेउक, काय माणूस आहेस रे तू! आणि त्या पोराची लायकी बघ. सकाळी मी त्याला सांगितलं, दादाचा शेवटचा सामना आहे, नीट निरोप दे, तुला पुढच्या वसंतातली स्पर्धा आहेच. तिथे मान हलवली, आणि कोर्टवर जायच्या आधी येऊन मला सांगतो काय, 'नाही कोच, मी नाही देणार.' तोंडावर! आजवर मला कुणी तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. रागाने त्याला घरी हाकलणार होतो. आणि त्याच पोराला तू..."

"काय म्हणाला तो?"

"नाही म्हणाला! तोंडावर!"

जेउकने कोचचे हात बाजूला केले. कपडे बदलायच्या खोलीत गेला आणि बाकावर बसला. आधी त्याला काहीच वाटलं नाही. मग हळूहळू एकेक फटका त्याच्या अंगात परत आला. रेषेवरची सर्व्हिस, कोपऱ्यातला उलटा हात, धावून धावून फुटलेला हानबिन. ते सगळं खरं होतं. कुणी दिलं नव्हतं. इतका आनंद त्याला आयुष्यात झाला नसेल. आणि मग खिशातला चेंडू मांडीला लागला, आणि त्याला कळलं की आपण काय करून बसलो. तो तोंडावर टॉवेल दाबून रडला.

दार उघडून हानबिन आत आला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"दादा, तुम्ही मला का दिलंत?"

"दिलं नाही मी. मला वाटलं तू देतोयस."

"मी?" हानबिन हसला की रडला ते कळलं नाही. "दादा, मला तुमची सर्व्हिस दिसत नव्हती. मला श्वास पुरत नव्हता. मी मरत होतो तिथे!"

"मग चुकलास की कोचकडे का बघत होतास?"

"भीती वाटत होती म्हणून. मी त्यांना नाही म्हटलं होतं, आणि तरी हरत होतो. त्यांना वाटेल, घाबरून ऐकलं शेवटी. मला त्यांना सांगायचं होतं की मी देत नाहीये, मी खरंच हरतोय. ते कसं सांगणार तिथून?"

जेउक उठला. त्याने पोराचे दोन्ही खांदे धरले.

"हानबिन, नीट ऐक. मी जिंकत होतो. इतका चांगला खेळत होतो, की मलाच ते खरं वाटेना. म्हणून सोडलं. दुसरं काही नाही. तुला सैन्यात जागा बिगा मिळावी म्हणून नाही. तुझा विचार माझ्या डोक्यातही नव्हता. कळलं?"

हानबिनने मनगटाने नाक पुसलं.

"मला बरं वाटावं म्हणून बोलताय ना?"

"नाही रे!"

"दादा, इतका मूर्खपणा कोणी करतं का? एका गुणावर सामना असताना?"

"मी केला!"

"वहिनी म्हणाल्या, तुमच्या कंबरेला काही झालेलं नाही."

"नाहीच झालेलं!"

"मग?" हानबिन म्हणाला. पोरीची शपथ घेऊ का, जेउक म्हणाला. हानबिन म्हणाला, नको दादा, शपथ नका घेऊ. मग त्याने कंबरेत पार खाली वाकून नमस्कार केला.

"तुमचे उपकार फिटायचे नाहीत. पण मला ते नको होते," एवढं बोलून तो वळला.

जेउक त्याच्यामागे धावला. गुडघा दुखत होता, पायात एकच बूट होता. बोळात फुलं घेऊन टेनिस मंडळाच्या बायका उभ्या होत्या, त्यांच्यातून वाट काढत तो जिवाच्या आकांताने ओरडला, "अरे, तू हरत होतास! माझ्याकडून हरत होतास तू, हानबिन!"

हानबिनने मागे वळून पाहिलं नाही. बायकांनी मात्र एकमेकींकडे पाहिलं.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? दिलाच त्याने," त्यांच्यातली एक म्हणाली, आणि सगळ्यांनी त्याच्यासाठी पुन्हा टाळ्या वाजवल्या.